घरच्या घरीं लांकडी अक्षय कॅलेंडर

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं जें कॅलेंडर मोठ्या हौसेनें भिंतीवर टांगलें जातें, तेंच ३१ डिसेंबरच्या रात्रीं रद्दीच्या गठ्ठ्यांत जाऊन पडतें. त्यांत कोणाचा दोष नाहीं. कागदी कॅलेंडराचा जन्मच मुळीं बारा महिन्यांच्या करारानें झालेला असतो. परंतु लांकडाचे दोन ठोकळे, पांच दांड्या आणि त्यांना बसावयास एक छोटीशी बैठक एवढ्या सामुग्रींतून जें कॅलेंडर तयार होतें, त्याला वर्ष संपल्याची वार्ताच नसते. रोज सकाळीं ठोकळा फिरवून तारीख पुढें आणली कीं तें पुन्हां तितकेंच नवें. म्हणून अक्षय कॅलेंडर हें नांव त्याला शोभतें. काम अवघड नाहीं. सुटीच्या तीन-चार दुपारी त्याला पुरतात. मात्र त्यांत एक अडचण अशी आहे कीं, ती आधीं ध्यानांत न आल्यास सगळी सुतारकी झाल्यावर, रंगही वाळल्यावर, ठोकळे पुन्हां घासून काढण्याची पाळी येते. आणि देवनागरी आंकडे घालूं इच्छिणाऱ्या घरांत ती हटकून येते. यास्तव करवतीला हात घालण्यापूर्वीं थोडा हिशेब करणें बरें.

ठोकळा म्हणजे सहा पृष्ठांचा घन. दोन ठोकळ्यांचीं मिळून बारा पृष्ठें झालीं. या बारा पृष्ठांवर आंकडे असे मांडावयाचे कीं, ठोकळे शेजारीं शेजारीं ठेवून ०१ पासून ३१ पर्यंत कोणतीही तारीख दाखवितां यावी. ११ आणि २२ या तारखांसाठीं १ व २ हे आंकडे दोन्ही ठोकळ्यांवर हवेत, हें उघड आहे. शून्याची गोष्ट तितकी उघड नाहीं. महिन्याचे पहिले नऊ दिवस शून्य डावीकडे बसतें आणि उजवीकडे १ ते ९ यांपैकीं एक आंकडा येतो. शून्य एकाच ठोकळ्यावर ठेवलें, तर हे नऊही आंकडे दुसऱ्या एकट्या ठोकळ्यावर असावे लागतील, आणि त्याला पृष्ठें तर सहाच. तेव्हां शून्यही दोन्हींवर हवें. याप्रमाणें ०, १ व २ यांनीं प्रत्येक ठोकळ्याचीं तीन तीन पृष्ठें अडविलीं. उरलीं एकंदर सहा पृष्ठें. आणि उरलेले आंकडे पाहावेत तर ३, ४, ५, ६, ७, ८, ९, म्हणजे सात. सहा पाट मांडलेले आणि पंगतीला पाहुणे सात, असा हा प्रसंग आहे.

पाश्चात्य कारागिरांनीं यांतून सोपी वाट काढली. इंग्रजी सहाचा आंकडा उलटा धरला कीं त्याचा नऊ होतो. तेव्हां दोघांना मिळून एकच पृष्ठ दिलें, ठोकळा हवा तसा फिरविला, कीं काम झालें. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत गणितरंजनाचें सदर चालविणारे मार्टिन गार्डनर यांनीं हें कोडें वाचकांपुढें ठेविलें होतें, आणि अजूनही गणिताच्या तासाला मुलांना तें घालतां येण्यासारखें आहे. परंतु ही सारी युक्ति इंग्रजी आंकड्यांच्या आकारावर उभी आहे. देवनागरी ६ कितीही उलटासुलटा केला तरी त्याचा ९ होत नाहीं. इंग्रजी नमुना समोर ठेवून, नुसते आंकडे तेवढे देवनागरी घालून ज्यानें ठोकळे रंगविले, त्याची फजिती पहिल्याच महिन्याच्या नऊ तारखेला होते. तो सहाचें पृष्ठ उलटें करतो आणि पाहातो तों समोर तीन तारीख येऊन बसलेली असते!

या फजितींतच तिचा उपाय दडलेला आहे. देवनागरी ३ आणि ६ हे एकमेकांचे उलटे भाऊ आहेत. दोन अर्धवर्तुळें एकाखालीं एक, त्यांचीं पोटें उजवीकडे, कीं झाला ३. तींच पोटें डावीकडे, कीं झाला ६. तेव्हां देवनागरी कॅलेंडरांत ६ आणि ९ यांची जोडी न लावतां ३ आणि ६ यांची लावावी. अडथळा फक्त शेपटीचा. छापील ३ व ६ या दोहोंनाही तळाशीं एक शेपूट असतें, आणि आंकडा उलटा केला कीं तें डोक्यावर जातें. म्हणून या एका पृष्ठावरचा आंकडा बिनशेपटीचा काढावा. अथवा वरच्या व खालच्या दोन्ही टोंकांना सारखीच छोटी वळी द्यावी, म्हणजे ती शोभेची वाटते आणि कोणत्याही बाजूनें खटकत नाहीं. दोन्ही पोटें तंतोतंत सारखीं हवींत. हस्ताक्षरांत वरचें पोट लहान व खालचें मोठें काढण्याची पुष्कळांना संवय असते. ती येथें चालत नाहीं. पातळ कागदावर आंकडा काढून कागद आडवा मधोमध दुमडावा. उजेडासमोर धरला असतां वरचें पोट खालच्या पोटावर बरोबर पडलें, तर आंकडा साधला असें समजावें. एका महिन्यांत हें पृष्ठ तीन म्हणून ३, १३, २३, ३० व ३१ या पांच तारखांना, आणि सहा म्हणून ६, १६ व २६ या तीन तारखांना लागतें. दोघांची एकाच दिवशीं गरज पडेल अशी तारीख नाहीं. पडली असती तर ही युक्तीही कोसळली असती.

आतां मांडणी अशी करावी: पहिल्या ठोकळ्यावर ०, १, २, ४, ५ आणि तीन-सहाचें जोडपृष्ठ, दुसऱ्यावर ०, १, २, ७, ८, ९. कोणता ठोकळा डावीकडे व कोणता उजवीकडे हें कायमचें ठरलेलें नसतें. तीन तारखेला पहिला ठोकळा उजवीकडे येतो, तीस तारखेला तोच डावीकडे जातो. हें विधान नुसतें वाचून पटवून घेऊं नये. जाड कागदाचे दोन ठोकळे करावेत, पेन्सिलीनें आंकडे घालावेत आणि एकतीसही तारखा एकामागून एक लावून पाहाव्यात. पाव तासाचें हें काम घरांतील आठ-दहा वर्षांच्या मुलांवर सोंपविलें तर तीं तें अधिक कडकपणें करतात.

ज्यांना जोडपृष्ठ नकोच असेल त्यांच्यासाठीं आणखी एक वाट आहे. तारखेच्या आधींचें शून्य ही परकी संवय आहे; आपण 'पांच जून' लिहितांना ५ च लिहितों. पहिले नऊ दिवस एकच ठोकळा समोर ठेवावा, असें ठरविलें तर शून्य एकाच ठोकळ्यावर पुरतें. मग पहिल्यावर ०, १, २ व दुसऱ्यावर १, २, ३ एवढे बसवून उरलेल्या सहा पृष्ठांवर ४ ते ९ हे सहा आंकडे नेमके मावतात. हिशेब देखणा आहे. पण संसारांत तो टिकत नाहीं. नऊ दिवस बाजूला ठेवलेला ठोकळा दहाव्या दिवशीं जागेवर सांपडेलच, याची हमी कोण देणार? लहान मूल असलेल्या घरानें जोडपृष्ठाचीच वाट धरावी.

लांकूड निवडतांना तें सुकें आहे ना, एवढी एक गोष्ट मुख्य पाहावी. सागवान उत्तम, पण त्यासाठीं वखारींत जाण्याची गरज नाहीं. मोडक्या टेबलाचा किंवा पलंगाचा पाय माळ्यावर पडलेला असतो. पन्नास वर्षें घरांत राहून जें वाळलें आहे त्याहून भरंवशाचें लांकूड विकत मिळणें कठीण. शिवणीचें लांकूड हलकें, फिकट रंगाचें आणि सहसा न वाकणारें असल्यामुळें रंगीत आंकड्यांना फार चांगलें. आंब्याचें स्वस्त मिळतें, पण त्याला कीड लवकर लागते. प्लायवुड ठोकळ्यांना बिलकूल घेऊं नये. त्याच्या कडांना थरांच्या रेघा दिसतात व आंकडा त्यांत हरवतो. ओलसर लांकूड घेतलें तर त्याचें फळ पुढल्या उन्हाळ्यांत मिळतें: ठोकळा रेषांच्या आडव्या दिशेनें आटतो, लांबीच्या दिशेनें जवळजवळ आटत नाहीं, आणि घनाचा घन राहात नाहीं.

मापें अशीं घ्यावींत कीं सर्व भाग एकमेकांत बसावेत. ठोकळा ४८ मिलिमीटरचा धरावा. दोन ठोकळे शेजारीं ठेवले कीं रुंदी ९६ मिलिमीटर होते. तीच प्रत्येक दांडीची लांबी. महिन्यांच्या तीन दांड्या १६ मिलिमीटर चौरस जाडीच्या कराव्यात. त्या एकीमागें एक ठेवल्या म्हणजे १६ त्रिक ४८, अर्थात् ठोकळ्याची खोली बरोबर भरली. वारांच्या दोन दांड्या २४ मिलिमीटर चौरस जाडीच्या. त्यांचीही खोली मिळून ४८. सर्वांत खालीं महिन्यांच्या दांड्या, त्यांवर तारखेचे ठोकळे, त्यांवर वारांच्या दांड्या अशी रचना करावी. जें क्वचित् बदलतें तें तळाशीं, जें रोज बदलतें तें हाताशीं. पुष्कळ विकत मिळणाऱ्या नमुन्यांत महिना वरती असतो. त्यानें दिसण्यांत फरक पडत नाहीं, पण रोज सकाळीं वरचा डोलारा विनाकारण उचलावा लागतो.

ठोकळे कापण्याच्या कामांत धांदल नको. ४८ मिलिमीटर चौरस छेदाची, वीतभर लांबीची पट्टी सुताराकडून रंधून घ्यावी. दोन्ही ठोकळे त्याच एका पट्टींतून काढावेत, म्हणजे रंग व रेषा जुळतात आणि हवेच्या फरकानें दोघे सारखेच फुगतात. गुण्या लावून चारी बाजूंना पेन्सिलीची रेघ फिरवावी आणि रेघेच्या मिलिमीटरभर बाहेरून करवत चालवावी. करवतीनेंच नेमकें माप साधण्याचा हट्ट नवशिक्यानें धरूं नये. राहिलेला मिलिमीटर कांचकागदावर घासून काढावा. त्यासाठीं कांचेच्या सपाट तुकड्यावर कांचकागद पसरून चिकटवावा आणि ठोकळा त्यावर फिरवावा. कागद हातांत धरून ठोकळ्यावर फिरविला तर कडा गोल होतात व पृष्ठ फुगीर होतें. शेवटीं दोन ठोकळे शेजारीं ठेवून, एकेक तिन्ही दिशांनीं फिरवून, वरून बोट सरकवावें. मधल्या सांध्यावर बोट अडलें नाहीं म्हणजे घन साधला. तीक्ष्ण कडा मग अगदीं हलक्या हातानें मोडाव्यात.

ठोकळ्याच्या सहा पृष्ठांपैकीं दोन अशीं असतात कीं, तेथें लांकडाचे रेषे आडवे कापले गेलेले असतात. या दोन पृष्ठांवर रंग टीपकागदावर शाई फुटावी तसा फुटतो. ज्यानें आंकडे अतिशय सुबक काढले त्याचेही दोन आंकडे केसाळ दिसतात, तें यामुळेंच. स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडीचे दोन पातळ हात या पृष्ठांवर आधीं द्यावेत, पूर्ण वाळूं द्यावेत, मग रंग लावावा. बाकीच्या चार पृष्ठांना एक हात पुरतो. शिवाय या दोन पृष्ठांवर ० आणि १ यांसारखे सरळ आंकडे घ्यावेत. चार-पांचांचीं वळणें इतरत्र ठेवावीं.

आंकडे जाड पुठ्ठ्याचा साचा कापून, तेलरंगानें, जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें ठोकून भरावेत. हात बसलेला असेल तर पटाशीनें कोरून आंत रंग भरलेला आंकडा अधिक उठावदार दिसतो. पण जोडपृष्ठ आधीं टाकाऊ लांकडावर कोरून पाहावें. रंग वाळल्यावर त्यावर पुन्हां स्पिरिटचें पॉलिश फिरवूं नये. स्पिरिटनें खालचा चपडीचा थर सैल होतो आणि आठवड्याची मेहनत कुंचल्यासरशी पसरते. फार तर मऊ फडक्यानें थोडें मेण चोळावें.

वार आणि महिने लिहितांना देवनागरीचा स्वभाव पाहिला पाहिजे. इंग्रजी अक्षरें दांडीच्या मधोमध बसविलीं कीं झालें. आपल्या अक्षरांना डोक्यावर मात्रा, वेलांटी व अनुस्वार आणि पायांशीं उकार असतो. १६ मिलिमीटरच्या दांडीवर शिरोरेघ वरून ५ मिलिमीटरवर ओढावी, तिच्याखालीं ७ मिलिमीटर उंचीचें अक्षर काढावें, म्हणजे खालीं ४ मिलिमीटर राहातात. 'सप्टेंबर'मधील मात्रा व अनुस्वार वरच्या जागेंत, 'फेब्रुवारी'चा उकार खालच्या जागेंत निभावतो. सर्व बारा नांवांची शिरोरेघ एकाच उंचीवर राहिली पाहिजे, नाहींतर महिना बदलला कीं कॅलेंडर उडी मारल्यासारखें दिसतें. 'मे' हें एकाक्षरी नांव एवढ्या लांब दांडीवर अगदींच पोरकें दिसतें. त्याच्या दोन्ही बाजूंस वेलबुट्टी काढून जागा भरावी. आणखी एक सूचना: पहिलें नांव लिहून झाल्यावर दांडी आपल्याकडे पाव फेरा फिरवावी, वरची बाजू समोर आली कीं तिच्यावर पुढलें नांव लिहावें, आणि चारही बाजूंस दिशा हीच ठेवावी. दिशा चुकली तर एखादा महिना डोक्यावर उभा राहातो.

तीन दांड्यांच्या बारा बाजू महिन्यांना बरोबर पुरतात. वारांच्या दोन दांड्यांच्या मात्र आठ बाजू होतात आणि वार सात. आठव्या बाजूवर कांहीं हौशी लोक 'सुट्टी' असें लिहितात. त्या दिवशीं घरांत वार कोणता हेंच कोणाला कळत नाहीं. ती बाजू रिकामी सोडावी आणि तेथें एखादी नक्षी काढावी. तिचा खरा उपयोग पुढें येईल.

बैठकीची आंतली रुंदी ९८ आणि खोली ५० मिलिमीटर ठेवावी. हे वरचे दोन दोन मिलिमीटर पावसाळ्यासाठीं आहेत. मे महिन्यांत घट्ट बसणारे ठोकळे जुलैत, विशेषतः मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत, फुगून अडकतात. बाजूच्या फळ्या ५० मिलिमीटर उंच कराव्यात, म्हणजे ठोकळ्यांचा वरचा भाग बोटांना पकडतां येतो. पाठीची फळी ९० मिलिमीटरपेक्षां कमी नको, कारण वारांच्या दांड्यांना टेका तिचाच. पुढच्या बाजूस तळाखालीं ४ मिलिमीटर जाडीची पट्टी सरसानें चिकटवावी. सगळा डोलारा किंचित् मागें रेलतो आणि टेबल हललें तरी दांडी पुढें घरंगळत नाहीं.

सजावटीची सारी हौस या बैठकीवर भागवावी. पाठीची फळी वर वाढवून तिला महिरपीचा आकार देतां येतो. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनीं लांकडी खेळण्यांवर व गंजिफांवर जी वेलबुट्टी रंगविली, तिच्या धर्तीची एखादी लाल-पिवळी किनार बाजूंना खुलून दिसते. ठोकळ्यांच्या आंकड्यांभोंवतीं मात्र कांहीं काढूं नये. खोलीच्या दुसऱ्या टोंकाहून तारीख वाचतां आली नाहीं, तर तें कॅलेंडर नव्हे, नुसती शोभेची वस्तु झाली.

बैठक एकदां झाली कीं जास्तीच्या तीन दांड्या करून त्यांवर चैत्र ते फाल्गुन हे महिने लिहितां येतात. २२ मार्च १९५७ पासून सरकारी व्यवहारांत आलेल्या राष्ट्रीय सौर पंचांगाला हे ठोकळे जसेच्या तसे चालतात, कारण त्यांतही महिन्याचे दिवस ३० किंवा ३१ च असतात. तिथीसाठीं ते वापरणें सोईचें नाहीं. तिथीचा क्षय होतो, वृद्धि होते, अधिक महिना येतो. तेथें रोज सकाळीं एक आंकडा पुढें ढकलून भागत नाहीं, पंचांग उघडावेंच लागतें.

राहिला प्रश्न चुकण्याचा. हें कॅलेंडर स्वतः कांहींच जाणत नाहीं. फेब्रुवारीच्या डोक्यावर ३० तारीख लावली तरी तें हूं कीं चूं करीत नाहीं. घरचीं माणसें आठ दिवस गांवीं जाऊन आलीं कीं तारीख वर्तमानपत्रावरून कळते. पण मागल्या किंवा पुढल्या एखाद्या तारखेचा वार लावून पाहावयाचा असेल, तर भिंतीवरचें चालू वर्षाचें कॅलेंडरही हात टेकतें. त्यासाठीं एक तोंडी हिशेब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर हे पांच दिवस कोणत्याही वर्षीं एकाच वारीं येतात. कारण उघड आहे: यांतील प्रत्येक दोघांमध्यें ६३ दिवसांचें, म्हणजे बरोबर नऊ आठवड्यांचें अंतर आहे. ९ मे व ५ सप्टेंबर, ११ जुलै व ७ नोव्हेंबर या तारखाही त्याच वारीं पडतात; फेब्रुवारीचा शेवटचा दिवसही तोच, आणि म्हणून ७ मार्चही तोच. जानेवारीसाठीं साध्या वर्षीं ३ आणि लीप वर्षीं ४ तारीख धरावी. इंग्रज गणितज्ञ जॉन कॉनवे यांनीं १९७३ सालीं बसविलेल्या पद्धतीचा हा गाभा आहे.

२०२६ सालचा हा आधारवार शनिवार. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे व वर एक दिवस, म्हणून दर वर्षीं वार एकानें पुढें सरकतो व लीप वर्षीं दोन घरें टाकतो: २०२७ चा रविवार, २०२८ चा मंगळवार. महाराष्ट्र राज्य स्थापन झालें तो १ मे १९६० हा दिवस पाहावा. १९६० सालचा आधारवार सोमवार होता. म्हणजे ९ मे सोमवार, २ मे सोमवार, आणि १ मे रविवार. शतकाच्या वर्षीं जरा जपावें लागतें: २००० लीप होतें, पण १९०० नव्हतें आणि २१०० नसणार. अशा चारशें वर्षांचे दिवस १,४६,०९७ होतात. त्यांना सातानें नेमका भाग जाऊन २०,८७१ आठवडे येतात, म्हणून चारशें वर्षांनीं सारे वार पुन्हां पहिल्या जागीं येतात.

आतां ती आठवी बाजू. गांवाला निघतांना, दाराला कुलूप लावण्यापूर्वीं, वाराची दांडी फिरवून नक्षीची बाजू समोर करून ठेवावी. परत आल्यावर ती दिसली कीं लहानथोर सर्वांना कळतें कीं, कॅलेंडर निजलेलें आहे, आणि खालच्या तारखेवर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. मग घरांतील ज्याच्याकडे रोजचें फिरविण्याचें काम असेल त्यानें वर्तमानपत्र पाहून तारीख लावावी, हिशेब करून वार ताडावा, आणि दोन्ही जुळल्यावरच दांडी सरळ करावी.